गल्लीतला रस्ता, नाली, पथदिवा: नागपुरात नगरसेवकाकडे अर्ज नेण्याआधी

"भाऊ, आमच्या लाइनीत गट्टू (रस्त्यावर बसवायच्या सिमेंटच्या विटा) कधी लागणार?" हा प्रश्न नगरसेवकाला लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. "सांगून ठेवलं आहे, होऊन जाईल" हे उत्तरही तिथेच मिळतं. पण तोंडी सांगण्याची फाइल बनत नाही. कागद लागतो, आणि त्याच्याही आधी एक गोष्ट माहीत असावी लागते: रस्त्याची जागा कोणाच्या ताब्यात आहे?

नागपुरात हा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा आहे. जुन्या वस्तीतला रस्ता बहुधा महापालिकेचा असतो. बाहेरच्या बाजूला मात्र शेतजमिनीवर पाडलेले, मंजुरी नसलेले शेकडो लेआउट आहेत. शहराच्या विकासाचं काम पाहणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासच्या कागदांत ते '572' आणि '1900' अभिन्यास म्हणून ओळखले जातात. तुमचं घर अशा लेआउटमध्ये असेल, तर भूखंडाचं नियमितीकरण पत्र, म्हणजे आपल्या बोलीतलं 'आरएल', झालं आहे का ते पाहा. गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेले जमिनीचे छोटे तुकडे; त्यांचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट उघडली. त्यासाठी मुख्यतः विक्रीपत्र, सातबारा किंवा आखीव पत्रिका, लेआउटचा नकाशा, करपावती आणि ओळखपत्र लागतं; शुल्क वेगळं. नकाशात रस्ता म्हणून दाखवलेली पट्टी प्रत्यक्षात मोकळी आहे का, हेही बघून ठेवा. आमच्या गल्लीने दोन पावसाळे इथेच घालवले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहिला, आणि शेवटी कळलं की लेआउट महापालिकेकडे हस्तांतरितच झालेला नाही. हे पहिल्या दिवशी विचारता आलं असतं.

बेसा-बेलतरोडीकडच्या मंडळींनी मनपाच्या खिडकीत उभं राहू नये. ती हद्दच शहराची नाही.

अर्ज कोण करू शकतो? त्या वस्तीत राहणारा कोणीही. नागरी सोयीची तक्रार करायला घर नावावर असावं लागत नाही, भाडेकरूही सही करू शकतो. तरी एकट्याच्या अर्जापेक्षा पंधरा-वीस घरांचा सामूहिक अर्ज वजनदार ठरतो. प्रत्येक सहीपुढे घर क्रमांक आणि मोबाइल लिहा. सोबत दोन-तीन चालू मालमत्ता कर पावत्यांच्या प्रती, लेआउटचा नकाशा, असल्यास आरएलची प्रत आणि फोटो जोडा. नालीचा फोटो पाऊस पडत असतानाच काढलेला बरा. सप्टेंबर 2023 च्या पुरानंतर तुंबलेल्या पाण्याचा फोटो कोणी सहज बाजूला सारत नाही. दिव्यासाठी खांबावरचा क्रमांक लिहा. रस्त्यासाठी "अमुक घरापासून तमुक घरापर्यंत, अंदाजे इतके मीटर" असं नेमकं लिहा, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला मोजणी टाळायला निमित्त उरत नाही.

अर्ज आपल्या झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा. लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत दहा झोन आहेत. आपला कोणता ते करपावतीवर सापडेल. दुसरी प्रत नगरसेवकाला द्या. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक असतात, तेव्हा चौघांनाही द्या, नाहीतर "ते माझ्याकडे नाही" ऐकावं लागतं. नगरसेवक शिफारस करतो, निधी सुचवतो. प्राकलन (खर्चाचा अंदाज), निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश) प्रशासनाच्या हाती असतात. आमदार निधीतून काम हवं असेल तर ती वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते.

आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिना-दीड महिन्यात हालचाल दिसली नाही, तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइल कोणाकडे आहे? माहिती अधिकाराचा हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. उत्तराला 30 दिवस असतात. राग आला असेल तरी शब्द मोजून लिहा.

काम मंजूर झालं की कार्यादेशाची प्रत मागून घ्या. त्यात लांबी, रुंदी, जाडी असते, आणि काम खराब निघालं तर ते किती काळ ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं, म्हणजे दोषदायित्व कालावधी, तोही असतो. आणि सिमेंटचा रस्ता होणार असेल तर जुना थर खोदायला लावा. थरावर थर चढला की रस्ता उंबऱ्याच्या वर जातो, मग नव्या रस्त्यावरचं पाणी थेट आपल्या बैठकीत येतं.