'टर्बो होणं' म्हणजे नेमकं काय? : एका वादाची पार्श्वभूमी

'रेक-इट राल्फ' हा आर्केड गेममधल्या पात्रांवरचा डिस्नेचा ॲनिमेशनपट. त्यातल्या 'शुगर रश' या शर्यतीच्या गेममधली चिमुरडी व्हेनेलोपी शेवटी 'टर्बो' झाली की नाही, हा त्याच्या चाहत्यांमधला सगळ्यांत चिवट वाद. २०१८च्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला तेव्हा तो पेटला आणि 'शुगर रश'वर राज्य करणाऱ्या किंग कँडीबद्दलचे जुने तर्कही त्यात ओढले गेले. दोन्ही चित्रपट पाहिलेले आहेत असं धरूनच पुढचं लिहिलंय.

गेममधल्या पात्रांविषयी तर्क लढवायची खोड चित्रपटाच्या कितीतरी आधीची. १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये र्‍यूच्या 'शोर्युकेन' या फटक्याच्या नावातली अक्षरं भाषांतरात चिनी उच्चाराने उतरली, आणि 'शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुझा निभाव लागणार नाही' असं वाक्य पडद्यावर आलं. शेंग लाँग नावाचं कुणी नव्हतंच. तरी १९९२च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकी मासिकाने त्याला गाठायची युक्ती छापली. एप्रिल फूलचा विनोद होता तो, पण पोरांनी त्यापायी नाणी ओतली. पुढे १९९७च्या 'फायनल फँटसी ७'मधली एरिथ मेल्यावर तिला परत आणायचे उपाय असेच पसरले. आपल्याकडच्या पार्लरमध्ये तर 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स'चं नावच पुसलं गेलं होतं. सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणायचे, आणि मुस्तफाबद्दल कोण काय सांगेल याला धरबंध नव्हता.

हा इतिहास २०१२च्या चित्रपटाला ठाऊक आहे. एका गेममधून दुसऱ्यात जायचं ठिकाण म्हणजे गेम सेंट्रल स्टेशन, त्याच्या भिंतींवर खरडलेल्या ओळी थांबवून वाचल्या तर शेंग लाँग इथे येऊन गेल्याची आणि एरिथ जिवंत असल्याची नोंद सापडते. चाहत्यांनी शोधत बसावं म्हणूनच हे पेरलेलं आहे, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष एकट्या चाहत्यांना देता येणार नाही. किंग कँडी तिजोरी उघडताना वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी करतो तेव्हा इथल्या प्रेक्षकांना 'कॉन्ट्रा' गेममध्ये याच कळांनी मिळणारे तीस जीव आठवले असणार.

पहिल्या भागानंतरचे तर्क बहुतेक किंग कँडीभोवतीचे. तो टर्बो, म्हणजे आपला जुना शर्यतीचा गेम सोडून दुसऱ्यात घुसलेला रेसर, निघाला, पण मग खरा किंग कँडी कुणी होता का? की ते सोंगच टर्बोने कोडमध्ये लिहिलं? दुसरा प्रश्न मधल्या वर्षांचा. टर्बो ज्यात घुसला ते 'रोडब्लास्टर्स' हे मशीन खरोखरचं आहे, १९८७चं. टर्बोचा स्वतःचा आणि हा, दोन्ही गेमची वायर तिथेच निघाली. 'शुगर रश' मात्र १९९७चा. म्हणजे दहाएक वर्षं हा प्राणी होता कुठे? स्टेशनात घरदार गेलेल्या क्यू-बर्टसारखा भीक मागत बसला असेल, असं एक उत्तर आहे. मला ते आवडतं, पण चित्रपटात त्याला आधार नाही.

खरा गुंता शब्दाचा आहे. 'टर्बो होणं' म्हणजे स्वतःचा गेम सोडून दुसऱ्याचा बळकावणं, ही व्याख्या राल्फच्या गेमचा नायक फेलिक्स याच्या तोंडची. दुसऱ्या गेममधल्या सैनिक कॅलहूनला तो टर्बोची गोष्ट सांगतो, आपण ऐकतो, आणि शब्दाचा अर्थ पक्का झाला असं धरून चालतो. बहुतेक तर्क याच व्याख्येवर उभे आहेत. पण शब्द त्याआधीच येऊन गेलेला असतो. खलनायकांच्या बैठकीत, आपल्या गेमचा खलनायक असलेला राल्फ म्हणतो, मला आता खलनायक राहायचं नाही. लगेच सगळे दचकतात : टर्बो तर होत नाहीस ना? राल्फ विचारतो, एखादा मित्र हवा, पदक हवं, कधीतरी पाईचा तुकडा हवा, आयुष्याकडून थोडं जास्त हवं, एवढ्याने माणूस टर्बो होतो का? उत्तर 'हो' असं येतं.

इथे त्याने कुणाचा गेम बळकावलेला नाही, अजून तो बैठकीच्या दारातून बाहेरही पडलेला नाही. या बैठकीत टर्बो होणं म्हणजे पायरी सोडून वागणं. पुढे हाच शब्द किंग कँडी राल्फवर टाकतो, टर्बो होतोयस की काय म्हणून. चोरानेच चोर म्हणून ओरडावं तसं. पुन्हा पाहताना हे वाक्य कानात खटकतं आणि चाहते ते रहस्याचा धागा म्हणून दाखवतात. धागा आहेच. पण शब्द किती सैल आहे तेही त्यातून दिसतं : ज्याला समोरच्याला गप्प करायचंय, तो हा शब्द उचलतो.

आता २०१८. व्हेनेलोपी 'शुगर रश' सोडून इंटरनेटवरच्या 'स्लॉटर रेस' या गेममध्ये राहते आणि चित्रपट तिला आशीर्वाद देतो. एका गटाचं म्हणणं, पहिल्या भागात जे पाप होतं तेच इथे स्वप्न झालं. गेम सोडला म्हणजे टर्बो. दुसरा गट म्हणतो, तिने कुणाला हुसकावलेलं नाही. उलट तिथल्या रेसर शँकने तिचा कोड रीतसर त्या गेममध्ये घातलाय, त्यामुळे तिथे मेली तरी ती परत उभी राहते. शिवाय 'शुगर रश'मध्ये रोजच्या शर्यतीतून पहिले नऊच दुसऱ्या दिवशी पडद्यावर येतात, एक कमी झाली तर गिऱ्हाइकाला कळणारही नाही.

मला दुसऱ्या गटाचा शब्दार्थ पटतो, पण पहिल्या गटाचा राग खरा वाटतो. राल्फ एक दिवस गायब झाला तर त्याच्या मशीनवर 'बंद आहे'ची पाटी लागली आणि त्याच्या गेममधल्या इमारतीत राहणाऱ्या नाइसलँडर्सच्या छपरावर बेतलं. व्हेनेलोपीबाबत ही किंमत कुणी मोजतच नाही. शिवाय पहिल्या भागात तिने राजकन्येचा झगा फेकून राष्ट्राध्यक्षपद घेतलं होतं. त्या राज्याचं पुढे काय झालं, यावर दुसरा भाग चकार शब्द काढत नाही. तिथे ती डिस्नेच्या राजकन्यांच्या घोळक्यात उभी दिसते, त्यावरून झालेलं भांडण वेगळंच.

दुसऱ्या भागात तुटलेल्या स्टीअरिंगच्या जागी नवं येतं, 'शुगर रश' पुन्हा सुरू होतं. मशीनच्या डब्यावर बाजूला व्हेनेलोपीचं चित्र आहे. पहिल्या भागात राल्फला किंग कँडीचं खोटं उमगलं ते त्याच चित्रावरून. ते कुणी खरवडल्याचं दिसत नाही. चित्र पाहून नाणं टाकणाऱ्या पोराला ती आत कुठे सापडणार, हा प्रश्न चाहते अजून विचारतात.