कासचे फोटो प्रिंटला देण्याआधी: झाक कुठून येते आणि आम्ही ती कशी काढतो

गणपती गेले की साताऱ्यातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर कास पठारावरच्या फोटोंचे पेनड्राइव्ह येऊ लागतात. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं, गवताच्या पात्याला बिलगलेला नाकतोडा. प्रिंट हातात पडली की वाक्य ठरलेलं: ‘अहो, तिथं असं नव्हतं दिसत.’ तुमचं बरोबर आहे, तिथं तसं नव्हतंच दिसत. हे पत्रक त्याच एका वाक्यासाठी छापलं आहे. फोटोवर चढणाऱ्या परक्या रंगाला आम्ही झाक म्हणतो.

डोळा सांभाळून घेतो, कॅमेरा नाही

पांढरा सदरा उन्हात घाला की झाडाखाली, आपल्याला तो पांढराच दिसतो. मेंदू हिशेब जुळवून घेतो. कॅमेरा मात्र पडला तो प्रकाश नोंदवतो. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात: दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं, ढगाळ हवा ६५०० च्या आसपास, आणि निळ्या आभाळाखालची सावली ७००० ते ८००० पर्यंत जाते. आकडा चढेल तसा प्रकाश निळा होत जातो. पठारावर ढग उतरले की पांढऱ्या फुलाला निळसर झाक येते ती यामुळे.

हिरवी झाक वेगळी. ती येते पानांतून गाळून आलेल्या उजेडामुळे. ती काढायला फोटो-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधली केल्विनची, म्हणजे निळ्या-पिवळ्याची सरकपट्टी उपयोगाची नाही; त्याच्या शेजारची हिरव्या-किरमिजी रंगाची ‘टिंट’ची पट्टी सरकवावी लागते. बरेच जण पहिलीच पट्टी ओढत राहतात आणि हिरवा फोटो पिवळट हिरवा होऊन बसतो.

मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंत, हा त्रास जास्त, कारण किडा लहान आणि आजूबाजूचं सगळं त्याला चिकटून. त्यात तुम्हीही आलात. एका ग्राहकांनी दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे सुरेख फोटो आणले होते. लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, एका थेंबात अडकलेलं चिलट. पण प्रत्येक थेंबात एक नारिंगी डाग. आम्ही विचारलं, ‘रेनकोट कोणत्या रंगाचा होता?’ ते हसायलाच लागले. वाकून फोटो काढताना त्यांचा नारिंगी रेनकोटच थेंबांत उतरला होता. तेव्हा कपडे करडे किंवा काळे घाला. छत्री धरायची तर पांढरी किंवा काळी. रंगीत छत्रीखाली सगळं फूल त्या रंगात न्हातं.

ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेल्या रंगांच्या तोलावर, फार विसंबू नका. फ्रेम भरून हिरवं पान असलं की कॅमेऱ्याला वाटतं, हिरवा फार झाला, आणि तो सगळं किरमिजीकडे ढकलतो. थोडं सरकून मागे आभाळ आलं की हिशेब पुन्हा बदलतो. मग एकाच सुरवंटाचे दहा फोटो दहा रंगांत. त्यापेक्षा केल्विन ५५०० वर बांधून टाका. मोबाइलच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. रंग चुकला तरी सगळीकडे सारखाच चुकतो, आणि सारखी चूक आम्ही एका झटक्यात काढू शकतो.

एक फोटो कार्डाचा

आमची एकच विनंती आहे. जागा किंवा उजेड बदलला की फुलाच्या जागी, त्याच उजेडात ग्रे कार्ड (कोणतीही झाक नसलेलं करडं कार्ड) धरून एक फोटो काढा. सॉफ्टवेअरमधल्या ड्रॉपरने, म्हणजे रंग उचलणाऱ्या खुणेने, त्या कार्डावर टिचकी मारली की त्या उजेडातले बाकीचे फोटो जवळजवळ जागेवर येतात. कार्ड नसेल तर वहीचा कागद चालेल, पण कागदात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, त्याने मोजमाप जरा फसतं. कासचा दगड मात्र मोजायला वापरू नका. तो जांभा आहे, तांबूस; त्यावर टिचकी मारलीत की सगळं पठार निळं पडेल. दवाच्या थेंबातली चमकही नको, तिथे रंगाची माहितीच जळून गेलेली असते.

शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ नोंद, ठेवा. नेहमीच्या जेपेग फाइलमध्ये कॅमेऱ्याने रंगाचा निकाल आधीच लावलेला असतो. आम्ही थोडं वळवतो, पण फार ताणलं की सावल्या डागाळतात.

फ्लॅश वापरताना

१:१ मॅक्रोत (किडा कॅमेऱ्यात खऱ्या आकाराएवढा उमटतो) लेन्सचं छिद्र एफ ८ ला ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर जागा स्पष्ट येते, आणि लेन्स पुढे गेल्यामुळे उजेड दोन स्टॉपने घटतो, म्हणजे पावच उरतो. म्हणून फ्लॅश लागतो. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, मागची झाडी हिरव्या सावलीत. किडा ठीक दिसतो आणि मागचं सगळं दुसऱ्याच रंगाचं. असे फोटो आम्हाला किडा आणि पार्श्वभूमी वेगळी करून दुरुस्त करावे लागतात, त्याला वेळ लागतो आणि थोडे जास्त पैसेही. दुधाच्या पिशवीचा किंवा जुन्या प्लास्टिकचा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) असेल तर तो पिवळा पडला नाही ना, हे कार्डावर एकदा बघून घ्या.

जे आमच्या हातात नाही

रात्री पांढरा पडदा लावून पाऱ्याच्या दिव्यावर पतंग टिपणारे काही ग्राहक आमच्याकडे येतात. त्या दिव्याच्या उजेडात लाल रंग अगदी थोडा असतो. पतंगाच्या पंखावरचा तपकिरी नोंदवलाच गेला नाही तर कोणतीही पट्टी तो परत आणत नाही. त्यासाठी तिथेच फ्लॅश मारावा लागतो.

दुसरी अडचण कारवीच्या फुलाची. तिचा निळसर जांभळा कॅमेऱ्याचा सेन्सर आपल्या डोळ्यासारखा पाहत नाही आणि शाईत तो पुरता बसतही नाही. सात वर्षांनी फुललेली कारवी गुलाबी होऊन आली की राग येतो, आम्हालाही येतो. शक्य तितकं जवळ जाऊ, पण हुबेहूब रंगाचा शब्द देणार नाही.

आणि सगळी झाक काढायचीच असंही नाही. सकाळी सातच्या उन्हातली सोनकी आम्ही एकदा इमानेइतबारे ‘दुरुस्त’ केली. ग्राहक म्हणाले, ‘सकाळ कुठं गेली?’ प्रिंट फुकट पुन्हा काढून दिली. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो: उजेड कसा होता, किती वाजले होते. फाइल देताना चिठ्ठीवर तेवढं लिहा.

फाइल पेनड्राइव्हवर आणा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवलात तर तो दबून येतो. मोठ्या प्रिंटआधी नमुन्याची एक छोटी प्रिंट काढून देतो. ती काउंटरच्या ट्यूबलाइटखाली बघून ‘हो’ म्हणू नका. दाराबाहेर उजेडात न्या, नाहीतर घरी ज्या भिंतीवर लावणार तिथे धरून बघा आणि मग फोन करा.