सौर वीज वाढली, तरी तेलाचं बिल का उतरत नाही?

एखाद्या देशानं सौर आणि पवन ऊर्जेची क्षमता दुप्पट केली, तरी त्याचं तेल-आयातीचं बिल जागचं हलणार नाही, असं सहज होऊ शकतं. पॅनेल वीज देतात. आयातीचं बहुतेक तेल मात्र वीजकेंद्रात जातच नाही, त्यातला मोठा भाग गाड्यांच्या टाकीत जातो. सौर विजेनं देशातल्याच कोळशाची जागा घेतली तर हवा सुधारते, परकीय चलन वाचत नाही. म्हणून किती मेगावॉट बसवले यापेक्षा त्या विजेनं कोणतं इंधन हटवलं, हे आधी विचारावं.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9 युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. इंजिनात तिचा बहुतांश भाग उष्णता होऊन वाया जातो आणि चाकांपर्यंत जेमतेम 2 युनिट पोचतात. बॅटरीच्या गाडीत चार्जर, बॅटरी आणि मोटर यांतली घट धरूनही तेवढंच काम पावणेतीन युनिटांत होतं. चांगल्या उन्हाच्या ठिकाणी 1 किलोवॉटचं पॅनेल वर्षाला साधारण 1,400 ते 1,500 युनिट देतं. म्हणजे 500 लिटरच्या वर पेट्रोल वाचलं, आणि पॅनेल पंचवीसएक वर्षं टिकतं.

पण पॅनेलही बाहेरूनच येतात ना? बहुतेक देशांत येतात, आणि त्यांच्या उत्पादनावर चीनचा मोठा पगडा आहे. फरक असा, की तेलाची जहाजं अडली तर साठा पुरेल तेवढेच दिवस हातात असतात. (आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या तेल आयात करणाऱ्या सदस्य देशांना 90 दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवावा लागतो.) पॅनेलची जहाजं अडली तर नवी उभारणी थांबते, बसवलेली पॅनेल मात्र वीज देतच राहतात.

गणित बिघडतं ते संध्याकाळी. सूर्य मावळतो आणि मागणी चढते. अशा वेळी झटपट उत्पादन वाढवणारी वीजकेंद्रं अनेक ठिकाणी वायूवर चालतात. तो वायू आयातीचा असेल, तर दिवसा कमावलेलं रात्री जातं. त्यावर बॅटरी आहे (100 युनिट भरले तर 85 ते 90 परत मिळतात), पाणी वर चढवून साठवणारे जलविद्युत प्रकल्प आहेत (70 ते 80). पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गाड्या दुपारीच चार्ज करणं, आणि त्यासाठी दुपारचा वीजदर उतरवावा लागतो.

खताचं प्रकरण वेगळं. युरियासाठी लागणारा अमोनिया बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून बनतो. एक टन अमोनियात सुमारे 178 किलो हायड्रोजन असतो. तो वायूऐवजी विजेनं पाण्यापासून काढायला किलोमागे 50 ते 55 युनिट, म्हणजे टनाला साधारण नऊ ते पावणेदहा हजार युनिट लागतात. वायूतून लागणारी ऊर्जाही साधारण तेवढीच. थोडक्यात, इथं 1 युनिट विजेनं जेमतेम 1 युनिट वायू वाचतो. तेच युनिट गाडीत घातलं तर तीन युनिटांहून जास्त पेट्रोल वाचतं.