उमेदवार, अप्रेंटिस, ओजेटी : एका पत्राची पार्श्वभूमी

एम.कॉम.चे विद्यार्थी कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन बाजारपेठेत फिरताना दिसू लागले ते २०२४ च्या सुरुवातीपासून. पत्र वाचून दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "म्हणजे अप्रेंटिस का?" विद्यार्थी म्हणतो, "नाही, ओजेटी." म्हणजे 'ऑन जॉब ट्रेनिंग', अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायचं प्रशिक्षण. दुसरा प्रश्न ठरलेला : "पगार द्यायचा असतो का?" यावर पत्रात काहीच लिहिलेलं नसतं.

शिकता शिकता काम करणं आपल्याकडे नवं नाही. साताऱ्यातून निघालेली 'कमवा आणि शिका'ची परंपरा सगळ्यांना माहीत आहे. पण त्यात विद्यार्थी राबत असे तो स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी. काम हाच अभ्यासक्रमाचा भाग ही कल्पना वेगळ्या वाटेने आली, आणि ती वाट समजून घ्यायची तर 'उमेदवार' या शब्दापासून सुरुवात करावी लागते. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक किंवा मुलाखत आठवते. जुन्या कचेऱ्यांत मात्र उमेदवार म्हणजे पुढेमागे जागा मिळेल या उमेदीवर बिनपगारी कारकुनी करणारा माणूस. 'दोन वर्षं उमेदवारी केली' हे वाक्य त्याच अर्थाचं. म्हणजे फुकट राबणं आणि शिकणं यांची गाठ या शब्दातच बसलेली होती.

ही गाठ सोडवायचा पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिस कायदा. तो १ मार्च १९६२ ला लागू झाला. कायद्याने उमेदवाराला करार दिला, विद्यावेतन दिलं, आणि त्याच वेळी दोन गोष्टी स्पष्ट केल्या : तो प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. सुरुवातीला हे सगळं कारखान्यातल्या ट्रेडपुरतं, म्हणजे फिटर-टर्नरसारख्या कामांपुरतं होतं. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, १९८६ च्या दुरुस्तीने बारावी व्यावसायिक शाखेचे. कला-वाणिज्यच्या पदवीधरांना या कायद्यात जागा मिळाली ती २०१४ च्या दुरुस्तीनंतरच. छोट्या मालकांनी तर तो दुरूनच पाहिला, कारण नियम मोडल्यास कैदेची तरतूद होती. ती २०१४ च्या दुरुस्तीत निघाली. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना उमेदवार घेणं सक्तीचं केलं आणि चार ते एकोणतीस माणसं असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवलं.

'इंटर्नशिप' हा शब्द या कायद्याबाहेरचा. मराठीत त्याला 'आंतरवासिता' म्हणतात. वैद्यकीय पदवी आणि बी.एड. यांच्याबाहेर हा शब्द क्वचितच कानावर पडतो. 'ऑन जॉब ट्रेनिंग' अकरावी-बारावीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमात आधीपासून होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, २०२३ च्या शासन निर्णयाने तेच नाव विद्यापीठात आणलं : पदव्युत्तरच्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिट, म्हणजे एकशेवीस तास, एकतर ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट.

वादाचा मुद्दा हाच निर्णय. तास ठरले, गुण ठरले, लॉगबुकचा नमुना आला. विद्यार्थी कुठे जाणार हे मात्र त्या त्या कॉलेजवर सोडलं गेलं. पुणे-पिंपरीत हा प्रश्न फारसा जाणवत नाही. तालुक्याच्या गावात कर सल्लागारांची चार-पाच कार्यालयं, दोन-तीन पतसंस्था, एखादी जिनिंग मिल, एवढ्यावर वाणिज्यची यादी संपते. त्यात दुसरं सत्र येतं मार्च एंडला. कर सल्लागाराला तेव्हा हात हवे असतात, पण शिकवायला फुरसत नसते. पतसंस्थेत मुलगी पंधरा दिवस केवायसीच्या झेरॉक्स लावते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड तिला कुणी देत नाही, आणि त्यात चूक तरी काय म्हणावी? उरलेल्यांचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र येतं, हजेरी एकाच पेनाने एकाच बैठकीत भरलेली असते. याचा दोष मुलांना देणं सोपं आहे. पण निर्णय घेताना दुकानदाराला कुणी विचारलं नव्हतं.

२०२४ मध्ये गोंधळात भर पडली. जुलैत राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : बारावी पासला महिना सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, सगळे सरकारच्या तिजोरीतून. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' करून टाकलं. ऑक्टोबरात केंद्राची इंटर्नशिप योजना आली, महिना पाच हजारांची, देशातल्या आघाडीच्या पाचशे कंपन्यांसाठी. दोन्हींत तेव्हा नियमित शिक्षण चालू असलेल्याला जागा नव्हती. राज्याच्या योजनेतले पुष्कळ जण ग्रामपंचायतीत, शाळेत, तहसीलमध्ये लागले, आणि मुदत संपत आल्यावर कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आले. जुन्या कचेरीतल्या उमेदवाराची उमेद हीच होती. फक्त आता विद्यावेतन होतं.

दुकानदाराने मात्र हे पैसे बातम्यांत पाहिलेले असतात. म्हणून तो ओजेटीच्या मुलीला विचारतो, "तुला सरकार देतं ना दहा हजार?" राज्याच्या योजनेला किमान वीस माणसांची आस्थापना लागते, केंद्राच्या योजनेला पाचशेतली कंपनी, कायद्याच्या सक्तीला तीस माणसं. मालक, त्याचा भाऊ आणि एक दिवाणजी असलेलं हार्डवेअरचं दुकान यातल्या कशातच बसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती फक्त ओजेटी, आणि तिच्यासोबत पैसा येत नाही.

संलग्न महाविद्यालयांत पदवीला त्याच शैक्षणिक धोरणाचा नवा आराखडा २०२४ मध्ये लागू झाला. त्याच्या सहाव्या सत्रातही ओजेटीचे चार क्रेडिट आहेत. ती पहिली तुकडी २०२७ च्या सुरुवातीला तिथे पोहोचते. बी.कॉम.चा वर्ग एम.कॉम.च्या कितीतरी पट मोठा असतो. बाजारपेठ तीच, आणि मार्चही तोच.