नोटांवरचे वन्यजीव आणि आपलं माळरान

आपल्या नोटांवरचा एक जुना प्राणी आजही रिझर्व्ह बँकेच्या प्रत्येक नोटेवर आहे: बँकेच्या मुद्रेतला वाघ. १९३५ मध्ये बँक सुरू झाली तेव्हा मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरचं चित्र समोर होतं, सिंह आणि ताडाचं झाड. सिंहापेक्षा वाघ या देशाचा जास्त, म्हणून सिंहाच्या जागी वाघ आला. पहिलं रेखाटन मात्र इतकं फसलं, की हा वाघ कुत्र्यासारखा दिसतो, लोक हसतील, अशी तक्रार डेप्युटी गव्हर्नर जेम्स टेलर यांनी केली. मग कोलकात्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरचा वाघ नमुना म्हणून घेतला गेला.

स्वातंत्र्यानंतर राजाचा चेहरा जाऊन अशोकस्तंभ आला, मागच्या बाजूला प्राणी होते. दोन रुपयांवर वाघ, पाचावर हरणं, शंभरावर हत्ती. पुढे देशाला धरणं, ट्रॅक्टर, उपग्रह दाखवायचे होते. शंभरावर हिराकुड धरण आलं, पाचावर ट्रॅक्टर, दोनावर आर्यभट्ट. दहाच्या नोटेवर मोर आला, तेवढाच काय तो वन्यजीव. १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेतल्या दहाच्या नोटेवर गेंडा, हत्ती आणि वाघ एकत्र आले. २०१८ च्या नव्या दहाच्या नोटेवर त्यांच्या जागी कोणार्कचं सूर्यमंदिर आहे.

या यादीकडे सोलापुरातून पाहिलं की एक गोष्ट खटकते. पाचाच्या नोटेवरची हरणं सोडली, तर उघड्या माळावरच्या जिवांना इथे थारा मिळालेला नाही. मान कायम जंगलातल्या देखण्या जनावरांचा. १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी ठरला तेव्हाही तेच झालं. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा कौल माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्याला होता, मान मोराला मिळाला.

आपल्याकडे सत्तरच्या दशकात पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. १९८० मध्ये माळढोकाचं टपाल तिकीट निघालं. पण हा पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. उजनीचं पाणी आलं, गवताच्या जागी ऊस उभा राहिला, विजेच्या तारा वाढल्या. समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. आज देशभरात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत. नान्नजला काळवीट भरपूर दिसतात, माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय.

हे वेगळ्या पद्धतीनेही करता येतं. ब्राझीलने १९९४ पासून आपल्या चलनाची आख्खी मालिका स्थानिक प्राण्यांना दिली: मकाव, जग्वार, अगदी गरूपा मासासुद्धा. नव्या नोटांसाठी कोणते प्राणी घ्यायचे, हे तिथे लोकांना विचारलं गेलं. समुद्री कासव पहिलं, सोनेरी टॅमरिन माकड दुसरं आणि सेराडोच्या गवताळ प्रदेशातला, लांडग्यासारखा लांब पायांचा मेन्ड वुल्फ तिसरा आला. पहिल्या दोघांच्या नोटा लगेच निघाल्या. मेन्ड वुल्फला २०२० पर्यंत थांबावं लागलं, पण मग त्याला २०० रियालची, म्हणजे देशातली सगळ्यात मोठी नोट मिळाली.

माळावरचा प्राणी तिथे सगळ्यात मोठ्या नोटेवर जातो, तर इथे का नाही? पुढची मालिका ठरेल तेव्हा माळढोकाचं नाव सोलापूरकरांनी लावून धरायला हवं.