क्यूआर कोडवर सही नसते

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड आणले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ सुरू व्हायचा. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड आले. २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून दिली. सोलापूर जिल्ह्याला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

आज तोच चौकोन सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानांच्या गल्ल्यावर आहे, गड्ड्याच्या यात्रेत खेळण्यांच्या गाड्यांवर आहे आणि क्लासच्या जाहिरातींवरही आहे. चौकोन दिसला की मोबाइल धरायचा, एवढं मुलं चटकन शिकली. धरल्यावर काय बघायचं, हे मात्र आपण त्यांना शिकवलंच नाही. सध्याच्या फसवणुकी नेमक्या याच फटीतून आत शिरतात.

आधी हा चौकोन काम कसा करतो ते पाहू. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन दिसतात, त्यांच्या मधोमध आडवी रेघ मारली तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदीचं प्रमाण १:१:३:१:१ येतं. छापील मजकुरात क्वचितच सापडणारं प्रमाण त्यांनी मुद्दाम शोधून काढलं. त्यामुळे कागद तिरका असो की उलटा, कोड कुठे आहे हे कॅमेऱ्याला क्षणात कळतं.

त्याहून सुंदर आहे ते आतलं गणित. इरव्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी ते १९६० साली मांडलं. सरळ रेषा ठरवायला दोन बिंदू पुरतात. तुम्ही त्याच रेषेवरचे चार बिंदू पाठवले आणि वाटेत एक बिघडला, तर उरलेले तीन एका रेषेत येतात आणि चुकलेला उघडा पडतो. कोडमध्येही मूळ माहितीसोबत अशी जादा माहिती भरलेली असते. सर्वांत वरच्या पातळीवर कोडमधली सुमारे ३० टक्के माहिती खराब झाली तरी तो वाचता येतो. डब्यातल्या शेंगाचटणीचं तेल पुस्तकावर सांडलं, तरी धडा उघडतो तो यामुळेच.

पण हे गणित बिघाड दुरुस्त करतं, लबाडी ओळखत नाही. कोड कुणी छापला, हे साध्या क्यूआर कोडमध्ये कुठेच नोंदवलेलं नसतं. खऱ्या कोडवर खोट्याचा स्टिकर चिकटवला, तर खोटाही तितक्याच निर्दोषपणे वाचला जातो. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला हेच घडलं. चोरट्यांनी रातोरात काही दुकानांबाहेरचे कोड बदलले आणि गिऱ्हाइकांचे पैसे भलत्याच खात्यात जाऊ लागले. कोडची खातरजमा करता येतच नाही असं नाही. आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते. प्राधिकरण फक्त स्वतःकडे असलेल्या गुप्त संख्येने, म्हणजे खासगी किल्लीने, ती करतं आणि सर्वांना खुल्या असलेल्या सार्वजनिक किल्लीने ती कुणालाही तपासता येते. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी सही जुळत नाही. दुकानातल्या, पुस्तकातल्या किंवा जाहिरातीतल्या कोडला सहसा अशी सही नसते, म्हणून तपासणी आपल्याच डोळ्यांवर येते.

पैशांच्या बाबतीत ती सोपी आहे. पिन टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर दिसतं. दुकानदाराला ते मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

वेबपत्त्याच्या बाबतीत लोक जास्त फसतात. स्कॅन केल्यावर पान उघडण्याआधी बहुतेक फोन पत्ता दाखवतात. आपण तो डावीकडून वाचायला लागतो आणि ओळखीचं नाव दिसलं की निर्धास्त होतो. फसवणारा याच सवयीचा फायदा घेतो. ‘दीक्षा डॉट गव्ह डॉट इन’ हा सरकारच्या दीक्षा या शालेय शिक्षण मंचाचा पत्ता आहे. ‘दीक्षा डॉट गव्ह डॉट इन डॉट निकाल डॉट टॉप’ हा मात्र ‘निकाल डॉट टॉप’ नावाची जागा ज्याने विकत घेतली त्याचा पत्ता. मालक कोण हे शेवटून ठरतं, म्हणून पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे हात थरथरत असतात, तेव्हा हे नक्की करा. आणि पान उघडताच एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल, उतरू लागली तर ती इन्स्टॉल करू नका. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, निकाल अशी नावं देऊन फिरवलेल्या या फाइली एसएमएस वाचायची परवानगी मागतात. ती मिळाली की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात.

आता समजा, कोड खरा आहे, पत्ताही खरा आहे. तरी एक प्रश्न उरतोच, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: स्कॅन करणाऱ्या मुलाविषयी पलीकडे काय साठतं? पान उघडताना आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपल्या जोडणीचा क्रमांक), वेळ आणि फोनचा प्रकार पलीकडच्या सर्व्हरला कळतो. कोड थेट पानावर न नेता दुसऱ्या कंपनीच्या छोट्या लिंकमधून फिरवलेला असेल, तर त्या मधल्या कंपनीलाही हे कळतं. लॉगिन केलं तर नाव, शाळा आणि इयत्ताही जोडली जाते. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ च्या अहवालासाठी ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारलेली १६४ ऑनलाइन शिक्षण साधनं तपासली. त्यांपैकी १४६ साधनं मुलांची माहिती अशा रीतीने हाताळत होती की त्यांच्या हक्कांना धोका होता किंवा भंगच होत होता. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या दीक्षा ॲपचा साठा उघडा राहिल्याचं समोर आलं. १० लाखांहून अधिक शिक्षकांची आणि जवळपास ६ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यात होती. पासवर्ड बदलता येतो, पण मुलाची जन्मतारीख आणि शाळेचं नाव कसं बदलणार?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती सक्तीची केली. मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई केली. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. शिक्षणसंस्थांना मात्र काही सवलती आहेत, त्यामुळे पालकांनी विचारत राहायला हवं.

‘माहिती घेतल्याशिवाय चांगलं शिकवता येत नाही’ असं ॲपवाले म्हणतात. संशोधनात जे ठामपणे हाती आलं आहे, त्याला मुलाच्या नावाची गरजच नाही. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरची ६९ लाख व्हिडिओसत्रं अभ्यासली. व्हिडिओ कितीही लांबीचा असो, प्रेक्षक साधारण ६ मिनिटांच्या पुढे फारसे टिकत नव्हते. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने चित्र उलटं होतं. वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के मजकूर राहिला, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के.

म्हणजे शाळेला स्वतःचे कोड छापायचे असतील तर कृती साधी आहे. व्हिडिओ ६ मिनिटांच्या आतला ठेवा. कोड मधली छोटी लिंक न वापरता थेट पानावर न्या आणि पूर्ण पत्ता खाली अक्षरांत छापा. व्हिडिओनंतर एक प्रश्न द्या, त्याचं उत्तर मुलांनी न बघता वहीत लिहावं आणि बाईंनी किंवा सरांनी तपासावं. गठ्ठा छपाईला पाठवण्याआधी कुठेही लॉगिन नसलेला फोन घेऊन कोड स्कॅन करा. पानाने नाव किंवा मोबाइल नंबर मागितला, तर छपाई थांबवा.