मुक्तस्रोत डेस्कटॉप सॉफ्टवेअरचे पोर्टिंग

एका संगणक प्रणालीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रणालीवर चालते करण्याच्या कामाला पोर्टिंग म्हणतात. या नोंदीत विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स सोडून उरलेल्या प्रणालींचा, मुख्यतः फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, नेटबीएसडी आणि हायकू यांचा विचार केला आहे. सोर्स कोड खुला आहे म्हणजे तो कुठेही कंपाइल होईल (यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलेल), असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. परवाना आड येत नाही, पण कोड लिहिताना गृहीत धरलेल्या गोष्टी आड येतात.

युनिक्स या जुन्या प्रणालीच्या घराण्यातल्या प्रणालींमध्ये (लिनक्स आणि सर्व बीएसडी त्यातल्याच) मेळ राहावा म्हणून १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक आले. फाइल उघडणे, प्रोसेस सुरू करणे यांसारखी पायाभूत कामे त्यात येतात. डेस्कटॉपला लागणारे बरेचसे मात्र त्याच्या बाहेर राहिले आणि प्रत्येक प्रणालीने ते आपल्या पद्धतीने सोडवले. आवाजासाठी लिनक्समध्ये अल्सा आहे, फ्रीबीएसडीत ओएसएस, तर ओपनबीएसडीत एसएनडीआयओ. फोल्डरमध्ये नवी फाइल आली हे कळण्यासाठी लिनक्समध्ये आयनोटिफाय आहे आणि बीएसडींमध्ये केक्यू. केक्यूने एखाद्या फाइलवर लक्ष ठेवायचे तर ती फाइल उघडी धरून ठेवावी लागते. हजारो फाइलींच्या फोल्डरवर लक्ष ठेवणारा फाइल मॅनेजर त्यामुळे उघड्या फाइलींच्या मर्यादेवर जाऊन आदळतो. कोडमध्ये चूक कुठेच नसते, तरी प्रोग्रॅम अडतो.

काही अडचणी दिसायला अगदी किरकोळ असतात. प्रोग्रॅम तयार करणारी बिल्ड स्क्रिप्ट बॅश या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला 'बिन' फोल्डरमध्ये शोधते, पण फ्रीबीएसडीत बॅश बाहेरून बसवावा लागतो आणि तो 'यूएसआर'खालच्या 'लोकल'मध्ये जातो. आपली स्वतःची बायनरी (चालणारी फाइल) डिस्कवर कुठे आहे हे लिनक्सवरचा प्रोग्रॅम 'प्रॉक' या आभासी फोल्डरमधून वाचून घेतो. फ्रीबीएसडीत त्यासाठी सिस्टिमकंट्रोलची वेगळी हाक आहे. ओपनबीएसडीत तर खात्रीचा मार्गच नाही, त्यामुळे पोर्ट करणाऱ्याला तो पत्ता कोडमध्ये आधीच लिहून ठेवावा लागतो.

ओपनबीएसडीची सुरक्षेबाबतची कडक शिस्त हा वेगळाच विषय आहे. मेमरीचा एकच भाग एकाच वेळी लिहिण्याजोगा आणि चालवण्याजोगा असू नये, हा नियम तेथे २०१६ पासून सक्तीचा आहे. चालू असताना कोड तयार करणाऱ्या जावास्क्रिप्ट इंजिनांना नेमके हेच हवे असते, म्हणून अशा प्रोग्रॅमना स्वतंत्र सवलत द्यावी लागते. तेथील फायरफॉक्स आणि क्रोमियम या ब्राउझरांना प्लेज (कोणती कामे करता येतील) व अनव्हेल (कोणत्या फाइली दिसतील) या दोन बंधनांनी बांधून ठेवले आहे. ब्राउझरला घरच्या फोल्डरमधले 'डाउनलोड्स' दिसते, 'डॉक्युमेंट्स' दिसत नाही. नव्या वापरकर्त्याला हा बिघाड वाटतो, पण ती हेतुपुरस्सर घेतलेली काळजी आहे आणि योग्यही आहे. या शिस्तीचा लाभ इतरांनाही होतो. २०१४ मध्ये ओपनबीएसडीने ३२ बिटी यंत्रांवरही वेळेचा आकडा ६४ बिटी केला, तेव्हा अनेक प्रोग्रॅममधल्या चुकीच्या समजुती उघड्या पडल्या आणि दुरुस्त झाल्या.

सर्वांत अवघड प्रश्न सिस्टिमडीचा आहे. २०१० मध्ये आलेली, प्रणाली सुरू करून तिच्या सेवा सांभाळणारी ही व्यवस्था केवळ लिनक्ससाठी आहे. लॉगिन, सत्र, यंत्र झोपवणे ही कामे तिने हाती घेतली आणि ग्नोम हा डेस्कटॉप तिच्यावर अधिकाधिक विसंबत गेला. सिस्टिमडी नसलेल्या प्रणालींसाठी कन्सोलकिट टूसारखे (सत्रे सांभाळणारे) पर्याय उभे राहिले, पण मूळ प्रकल्प पुढे सरकला की पर्यायालाही मागून धावावे लागते. रस्ट भाषेचेही असेच. एसव्हीजी चित्रे काढणारी लिबआरएसव्हीजी ही लायब्ररी २०१७ पासून रस्टमध्ये आली. रस्टचा कंपायलर नसलेल्या जुन्या प्रोसेसरांसाठी नेटबीएसडीच्या पीकेजीएसआरसी या पोर्ट संग्रहात तिची जुनी सी आवृत्ती सांभाळावी लागली.

हायकूची गोष्ट निराळी. बीओएस या जुन्या प्रणालीचा वारसा सांगणाऱ्या या प्रणालीत एक्स विंडो (युनिक्स प्रणालींवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) नाही, 'यूएसआर' फोल्डर नाही, आणि 'सिस्टिम' फोल्डरचा बहुतेक भाग फक्त वाचता येतो. तेथे खिडक्या, बटणे काढणारी क्यूटी ही लायब्ररी आधी पोर्ट झाली, म्हणून लिब्रेऑफिसला वाट मिळाली. तशाच जीटीके या लायब्ररीला मात्र एक्सलिबची (एक्स विंडोशी बोलणाऱ्या लायब्ररीची) नक्कल करणारा थर तयार होईपर्यंत थांबावे लागले. प्रणालीशी थेट न बोलणारी लायब्ररी किती सहज प्रवास करते याचे उत्तम उदाहरण अक्षरे जुळवणारी हार्फबझ आहे. लिब्रेऑफिस २०१७ पासून सर्वत्र तीच वापरते, त्यामुळे मराठी जोडाक्षरे फ्रीबीएसडीवरही लिनक्ससारखीच जुळतात.

हे सगळे पेलतात ते पोर्ट सांभाळणारे, बहुतांशी स्वयंसेवक. फ्रीबीएसडीचा पोर्ट्स संग्रह १९९४ पासून चालू आहे. क्रोमियमला बीएसडीवर चालवायला शेकडो पॅच (कोडमधले छोटे बदल) लागतात, आणि २०२१ मध्ये त्याची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येऊ लागली. पॅच मूळ प्रकल्पाने स्वीकारला तर तो एकदाच लिहावा लागतो. नाही स्वीकारला तर दर आवृत्तीला पुन्हा बसवावा लागतो. एवढ्या कुशल माणसांचा वेळ असा खर्च व्हावा, हे मुक्तस्रोत जगाचे मोठे नुकसान आहे.

प्रणालीनेच लिनक्ससारखे व्हावे, हा दुसरा मार्ग. फ्रीबीएसडी आपला ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्सचाच घेऊन मध्ये जुळवणीचा थर घालते, आणि १५.० आवृत्तीत तिने आयनोटिफायही स्वतःच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आणले. ओपनबीएसडीही ग्राफिक्सचा कोड लिनक्समधून घेते, पण लिनक्सचे तयार प्रोग्रॅम चालवण्याची सोय तिने २०१६ च्या ६.० आवृत्तीत काढून टाकली.